आकाशवाणी खिशात आली, पण ऐकतंय कोण?



२१ एप्रिल २०२४ रोजी आपल्या शेजारच्या कुवेतमध्ये एक छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट घडली. कुवेतच्या सरकारी रेडिओवर पहिल्यांदाच हिंदी कार्यक्रम सुरू झाला. दर रविवारी रात्री साडेआठ ते नऊ, म्हणजे आठवड्यातून फक्त अर्धा तास. पण तिथल्या भारतीय दूतावासाने त्याचे जाहीर कौतुक केले, आणि ३० जून २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. तेव्हापासून आपल्या मंडळाच्या गप्पांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: हिंदीला अर्धा तास मिळाला, मल्याळमला तर कधीचेच सगळे आहे, मग आखातात मराठी रेडिओ का नाही?

प्रश्न गमतीने विचारला जातो आणि चहाबरोबर संपतो. आम्हाला मात्र वाटले, की याचे उत्तर एकदा नीट शोधावे. ते शोधताना जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागले, आणि हाती आले ते असे: मराठी रेडिओ आखातापर्यंत मुद्दाम कुणी कधी पाठवलाच नाही. आज इंटरनेटमुळे तो आपोआप आपल्या खिशात येऊन बसला आहे. पण नेमक्या याच वेळी मायदेशी त्याचा झरा बारीक होत चालला आहे. तो वाहता राहावा यासाठी आपल्यासारख्या दूरच्या श्रोत्यांच्याही हातात थोडेफार आहे, आणि ते काय हेच या लेखात सांगायचे आहे.

अझीझियात काय ऐकू येते?

अल अझीझिया नावाच्या वस्त्या सौदीत बऱ्याच आहेत. रियाधला आहे, जेद्दाला आहे. मक्केची अझीझिया तर हजला येणाऱ्या भारतीयांना पाठ असते, कारण हज कमिटीच्या बहुतेक यात्रेकरूंची राहण्याची सोय तिथेच होते. आपली अझीझिया अल खोबरच्या दक्षिणेची, समुद्राला लागून असलेली. बहरीनला जाणारा किंग फहद कॉजवे इथूनच सुरू होतो. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये तो वाहतुकीला खुला झाला. लांबी सुमारे २५ किलोमीटर.

रेडिओच्या दृष्टीने ही जागा मोठी मजेशीर आहे. सौदी अरेबियाचा सरकारी रेडिओ १९४९ साली हजच्या दिवसांत जेद्दाहून सुरू झाला. आपल्या जवळच्या धाहरानमध्ये आरामकोने १९५७ साली स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्रही काढले होते. आज गाडीत बसून बटण फिरवले तर अरबी वाहिन्या लागतात, इंग्रजी लागतात, आणि कॉजवेवर गाडी पुढे गेली की बहरीनच्या एफएमवर हिंदी आणि मल्याळम गाणीही लागतात. सौदीत २० लाखांहून अधिक भारतीय आहेत. त्यांत मराठी घरे थोडीथोडकी नाहीत. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांचे तर आखाताशी पिढ्यान्‌पिढ्यांचे येणेजाणे आहे. तरीही बटण कितीही फिरवा, मराठी शब्द कानावर पडत नाही.

रेडिओ कुणाचा? सरकारचा की श्रोत्यांचा?

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले. पुढे ती कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. म्हणजे आपल्याकडे रेडिओ जवळजवळ सुरुवातीपासून सरकारी. तो कुणी चालवायचा, कोणत्या भाषेत, कुणासाठी, हे ठरवण्याचा अधिकार श्रोत्याकडे नव्हता. पण श्रोत्याने आपली वाट काढली नाही असे मात्र नाही.

१९४२ च्या 'चले जाव' चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्टला तो सुरू झाला, आणि सतत जागा बदलत १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडेपर्यंत चालला. गोव्याच्या मुक्तिलढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षे सह्याद्रीच्या जंगलातून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये प्रक्षेपण केले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचे वय शंभरीला आले होते. मालकाच्या परवानगीवाचून आपल्या माणसांपर्यंत आवाज पोचवण्याची ही दोन उदाहरणे आपल्याच भागातली आहेत.

तिसरे उदाहरण लढ्याचे नाही, करमणुकीचे आहे. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांना अभिजात संगीताची गोडी लागावी हा हेतू. लोकांनी काय केले? सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावला! ३ डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी घराघरात पोचले. (२० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी घरी फोन करून ही बातमी सांगितली असेल!) शेवटी सरकारलाच नमते घ्यावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. श्रोता गेला की रेडिओ बदलतो. पण त्यासाठी श्रोता गेला, आला, किती आहे, हे वरच्या माणसाला कळावे लागते. तेव्हा ते पत्रांच्या पोत्यांवरून कळत असे.

मराठी रेडिओचे भरभराटीचे दिवस

नागपूर केंद्र १९४८ साली आले, पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला, सांगली १९६३ ला. यंत्र महाग होते, वर्षाला पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत (ही पद्धत १९८० च्या दशकात संपली), आणि तरीही चाळीत एका घरी रेडिओ असला की तो सगळ्या चाळीचा असे.

पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायण' सुरू केले. केंद्राचे सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत. ठरली होती ५२, पण त्या वर्षी अधिक महिना आल्याने ती ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे गायक. आज ही गाणी आपण हवी तेव्हा ऐकतो. त्या वर्षी मात्र पुढचे गाणे ऐकायला आठवडाभर थांबावे लागे, आणि सगळा महाराष्ट्र एकाच वेळी थांबे.

मुंबई केंद्रावर 'प्रपंच' आणि पुढे 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका गाजली. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही मंडळी प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांतून घराघरांत वावरली. विषय काय, तर महागाई, रेशन, पोरांच्या परीक्षा, नळाचे पाणी. कामगारांसाठी 'कामगार सभा', बायकांसाठी 'वनिता मंडळ', मुलांसाठी 'गंमत जंमत', आणि फर्माइशीसाठी 'आपली आवड'. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर, यशवंत देव असे लोक आकाशवाणीत नोकरीला होते. म्हणजे भाषेतले उत्तमातले उत्तम लोक सरकारी पगारावर रोज मराठी लिहीत, वाचत आणि बोलत होते. ज्याला आपण 'शुद्ध, सोपी मराठी' म्हणतो तिचा कान बराचसा या माणसांनी घडवला.

आणि आता एक फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा श्रोतेगट. शेती, आरोग्य, गावकारभार अशा विषयांवर एकूण २० कार्यक्रम झाले. गट एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, आणि असे आढळले की नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा श्रोतेगट असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झाली होती. पुढे ही पद्धत देशभर नेली गेली आणि परदेशांतही तिचा अभ्यास झाला. रेडिओ एकच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो एकत्र बसून ऐकण्याने आणि उलट लिहिण्याने.

लहरी आखातापर्यंत आल्या, मराठी आली नाही

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रात्रीच्या वेळी मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, आकाशातल्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोसांवर जातात. दिवसा त्यांना हे जमत नाही. मध्ये अरबी समुद्र पसरलेला. त्यामुळे भारतातली ताकदवान केंद्रे आखातात रात्री लागत. राजकोटचे प्रक्षेपण १००० किलोवॅटचे, आणि त्यावरून उर्दू सेवा ऐकू येई. शॉर्टवेव्हवर विविध भारती येई. सत्तर-ऐंशीच्या दशकात तेलाच्या कामावर आलेल्या पिढीकडे ट्रान्झिस्टर असेच. पत्राला पंधरा दिवस लागत आणि ट्रंक कॉल परवडत नसे. अशा काळात तो ट्रान्झिस्टर म्हणजे घरची खिडकी होती.

पण या खिडकीतून मराठी किती आली? आकाशवाणीच्या परदेश प्रसारण सेवेत भारतीय भाषाही होत्या. हिंदी, उर्दू, गुजराती, मल्याळम, कन्नड, तेलुगू, तामिळ, पंजाबी, सिंधी अशी ती यादी. आफ्रिकेतल्या गुजरात्यांसाठी गुजराती, आखातातल्या केरळीयांसाठी मल्याळम. १९९० आणि २००० च्या दशकांतल्या या यादीत मराठी नव्हती!

याहून बोलके उदाहरण नागपूरचे. तिथे आकाशवाणीचे १००० किलोवॅटचे मीडियम वेव्ह केंद्र होते, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्री ते दूर दूरच्या देशांत ऐकू जाई. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची 'राष्ट्रीय वाहिनी' त्यावरून रात्रभर चाले, आणि ती असे हिंदी, उर्दू व इंग्रजीत. महाराष्ट्राच्या मातीवरून निघणारा सर्वांत मोठा आवाज आखातापर्यंत येत होता, पण मराठी बोलत नव्हता.

बीबीसीचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने मराठी प्रक्षेपण सुरू केले, ते १९५८ मध्ये बंद केले. हिंदी मात्र पुढेही दशकानुदशके चालू राहिली. मराठी परत आली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, इंटरनेटवर.

यामागे कुणाचा दुष्टावा होता असे आम्हाला वाटत नाही. यादी करणाऱ्याने हिशेब केला असणार, की मराठी माणसाला हिंदी समजते, लिपी एकच, सिनेमा मुंबईचाच. मग वेगळे कशाला? आणि खरे सांगायचे तर आपण स्वतःही असेच वागतो. चार मराठी आणि एक बिगरमराठी जमले की पाचही जण हिंदीत बोलतात. हे सौजन्य चांगलेच आहे. पण जाहिरातदाराच्या आणि सरकारच्या वहीत त्यामुळे आपली नोंद 'हिंदी श्रोते' अशी होते, हेही तितकेच खरे.

मल्याळी शेजाऱ्यांनी काय केले?

आपल्या मल्याळी शेजाऱ्यांचा हेवा करण्यापेक्षा त्यांच्याकडे नीट पाहावे. दुबईत 'सिटी १०१.६' हिंदीत चालते तसे 'हिट ९६.७' मल्याळममध्ये चालते, आणि ते एकटे नाही. संख्या हे त्याचे पहिले कारण, ते आपल्याला बदलता येणार नाही. दुसरे कारण धंदा. सुपरमार्केट, सोन्याची दुकाने, दवाखाने, ट्रॅव्हल एजन्सी यांत मल्याळी मालक आहेत, आणि त्यांना आपल्या गिऱ्हाइकाशी आपल्या भाषेत बोलायचे असते. खासगी रेडिओ जाहिरातीवर चालतो, गाण्यावर नाही. तिसरे कारण सवयीचे. निवडणूक असो, पूर असो की विमानाचे वाढलेले भाडे, तिथला श्रोता रेडिओला फोन करतो, तक्रार सांगतो, उत्तर मागतो. तो मोजला जातो, कारण तो बोलतो.

या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट शिकायला पैसा लागत नाही.

झरा बारीक होतो आहे

आता गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी क्रमाने पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण थांबले. त्यानंतरच्या वर्षांत आकाशवाणीने ठिकठिकाणची जुनी मीडियम वेव्ह यंत्रे टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. २७ जानेवारी २०२३ ला बीबीसी अरबी रेडिओ ८५ वर्षांनी बंद पडला. आपल्या इथल्या अरबी सहकाऱ्यांना विचारा, त्यांच्या आईवडिलांच्या तोंडी त्या आवाजाच्या आठवणी असतात. म्हणजे हे दुःख फक्त आपले नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले. मोठ्या यंत्रांना वीज लागते, माणसे लागतात, आणि इंटरनेट स्वस्त आहे, हा हिशेब जगभर सारखाच होतो आहे.

यंत्र बंद होण्याचे आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. साधन बदलते. काळजी वाटते ती माणसे कमी होण्याची. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. अधिकाऱ्यांची कमतरता हे कारण पुढे आले. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या ऐकून ज्यांची घड्याळे लागली त्या लोकांनी आरडाओरडा केला. वर्तमानपत्रांनी लिहिले, पुढाऱ्यांनी पत्रे धाडली, आणि काही दिवसांतच तेव्हाचे केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. श्रोता बोलला म्हणून एक विभाग वाचला. जिथे श्रोता बोलला नाही तिथली गोष्ट बातमीतही येत नाही.

खासगी एफएम ही जागा भरून काढील का? आजवर तरी चित्र निराळे आहे. मुंबईतल्या बहुतेक खासगी वाहिन्यांची बोली हिंदीच राहिली. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती. दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या द्यायला परवानगी असावी अशी शिफारस 'ट्राय'ने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, आणि मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना त्यामुळे चालना मिळेल असे सांगितले. लहान गावांत मराठी एफएम आले तर आनंदच. पण तेही शेवटी जाहिरातीवर चालणार, आणि आखातातल्या श्रोत्याला त्या दुकानाचा साबण विकता येत नाही. आपल्यासारख्यांची आठवण ठेवील अशी संस्था एकच, आणि ती म्हणजे आकाशवाणी.

योगायोग पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. बरोबर ६७ वर्षांपूर्वी त्याच तारखेला विविध भारती सुरू झाली होती. दर्जाचा पेढा आपण सर्वांनी खाल्ला. पण भाषा रोज कानावर पडणे ही गोष्ट दर्जाने होत नाही.

खिशातली आकाशवाणी

आता चांगली बातमी. प्रसार भारतीच्या 'न्यूजऑनएअर' या ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचे आणखी एक ॲप काढले, त्यावरही रेडिओ आहे. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर, रत्नागिरी, सगळे अझीझियातल्या स्वयंपाकघरात. रात्रीची वाट पाहायला नको, एरियल फिरवायला नको, खरखर नाही. १९७५ साली ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेल्या माणसाला हे सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

अडचण आहे ती अडीच तासांची. पुण्याच्या ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी येतात. त्या वेळी फजरच्या नमाजाला उठणारी आपली कोकणी मंडळी सोडली तर बाकी सगळे साखरझोपेत! पण त्यालाही उपाय आहे. बातमीपत्रे नंतरही आकाशवाणीच्या वृत्तविभागाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

मग ऐकत का नाही? कारण हवे ते हवे तेव्हा मिळू लागले, की 'नंतर ऐकू' असे होते, आणि ते नंतर येत नाही. मुलांना तर रेडिओ म्हणजे गाडीतले गाण्यांचे बटण. काही जण म्हणतील, यूट्यूबवर सगळे मराठी आहे, रेडिओचा एवढा सोस कशाला? त्यांना आमचे उत्तर असे. यूट्यूबवर आपण जे मागतो ते मिळते. रेडिओ न मागितलेले देतो. जायकवाडीत पाणी किती, लासलगावला कांद्याचा भाव काय, कोकणात कुठे दरड कोसळली, कोणते वयोवृद्ध नाट्यकर्मी गेले. हे कुणी सर्च करीत नाही. पण हेच कानावर पडत राहिले, की मूल सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांशी त्याला बोलायला विषय असतो. नाहीतर आजोबांशी बोलणे 'जेवलात का?' पाशीच थांबते.

आपण काय करावे?

नुसती हळहळ करून लेख संपवायचा नाही, म्हणून चार सूचना मांडतो.

पहिली. १९५६ च्या पुणे प्रयोगासारखा एक श्रोतेगट सुरू करावा. महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी, कुणाच्या तरी घरी. एक बातमीपत्र, एखादी श्रुतिका किंवा मुलाखत, असे अर्ध्या तासाचे ऐकणे. नंतर अर्धा तास चर्चा, आणि तीही मराठीत. मुलांनी प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी भाषण ठोकायचे नाही, एवढाच नियम. त्या वेळी फोन एका टोपलीत!

दुसरी. त्याच संध्याकाळी केंद्राला एक ईमेल. काय आवडले, काय नाही, काय हवे. खाली 'अल अझीझिया, अल खोबर' असे ठळक लिहावे. एका पत्राने काही होत नाही हे आम्हीही जाणतो. पण उद्या कुणी अधिकारी 'परदेशात ऐकतो कोण?' असे विचारील, तेव्हा आतला माणूस दाखवायला काहीतरी शोधत असेल. ते त्याच्या हाती असावे.

तिसरी. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज टिपून ठेवावेत. जुन्या काळी टेप महाग, म्हणून कित्येक ध्वनिमुद्रणे पुसून त्यावर नवी केली जात, आणि मोठमोठे कार्यक्रम असे हवेत विरून गेले. आज फोनमध्ये जागेला तोटा नाही. आईला, आत्याला, काकांना विचारा: तुमच्या घरी रेडिओ कधी आला, कुठे ठेवला होता, काय ऐकायचात? सत्तरच्या दशकात इथे आलेल्यांना विचारा, रात्री काय लागायचे. वीस मिनिटे पुरतात. आपल्या कुटुंबाचे हे एवढे आकाशवाणी-संग्रहालय पुढच्या पिढीला पुरेल.

चौथी, आणि जरा मोठी. कुवेतसारखा अर्धा तास इथेही मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी वही करावी. किती घरे नियमित ऐकतात, किती जण निवेदन करू शकतात, कोण लिहू शकते, कुणाकडे कोणत्या भागाची बोली आहे. या देशात परवानगीशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, त्यामुळे कुणी उत्साहाच्या भरात घरच्या घरी 'स्टेशन' काढण्याच्या भानगडीत पडू नये. मागायचे ते रीतसर, दूतावासामार्फत आणि शक्यतो इतर भाषांच्या मंडळांबरोबर मिळून. पण मागणीच्या अर्जावर नावांची यादी असेल तरच तो अर्ज ठरतो.

आखातात मराठी रेडिओ का नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरकारच्या यादीत आहे आणि अर्धे आपल्या घरात. यादी बदलायला वेळ लागेल. घरातले बदलायला येता शुक्रवार पुरे आहे. श्रोतेगटात यायचे असेल, किंवा गट आपल्या घरी घ्यायचा असेल, तर मंडळाच्या कार्यकारिणीला जरूर कळवा. चहा आमच्याकडून, चिवडा ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडून!

कळावे, लोभ असावा.

आपले,
संपादक मंडळ